लष्करी वकील आमदार होतो तेव्हा

प्रश्न असा आहे: अमेरिकेत सैन्याच्या कायदा शाखेत, म्हणजे ज्याला तिथे सगळे नुसतं ‘जॅग’ म्हणतात त्या जज ॲडव्होकेट जनरल कोअरमध्ये, नोकरी केलेला माणूस पुढे राज्याचा आमदार होतो तेव्हा त्याची कारकीर्द कशी घडते? त्या अनुभवाचा विधिमंडळात खरंच उपयोग होतो, की तो प्रचारपत्रकावर छापण्यापुरताच असतो?

मी एका राज्याच्या विधिमंडळात न्यायविषयक समितीचा वकील आहे. आमदार निवडून येतात, पडतात, वरच्या पदावर जातात. आम्ही मसुदे खरडत तिथेच असतो. लष्करी वकिली करून आलेले बरेच आमदार जवळून पाहिले, म्हणून उत्तर जरा लांबेल. माझं मत आधीच सांगून टाकतो. उपयोग होतो, चांगलाच होतो, पण लोकांना वाटतो त्या भागाचा होत नाही. कोर्ट-मार्शलमध्ये गाजवलेल्या खटल्यांपेक्षा तळावरच्या कायदा-मदत कक्षात टेबलामागे बसून ऐकलेली गाऱ्हाणी आमदाराला जास्त कामाला येतात.

ही शाखा जुनी आहे. अमेरिका स्वतंत्र होण्याआधीच, २९ जुलै १७७५ रोजी, विल्यम ट्यूडर यांची सैन्याचे पहिले जज ॲडव्होकेट म्हणून नेमणूक झाली. आजची वाट साधारण ठरलेली आहे. कायद्याची पदवी घ्यायची, एखाद्या राज्याची बार परीक्षा द्यायची, मग अधिकारी म्हणून भरती व्हायचं. भूदलाचे वकील व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला शिकतात, नौदलाचे ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला आणि हवाई दलाचे अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर. पहिला करार बहुधा चार वर्षांचा. बाहेर मोठ्या लॉ फर्ममध्ये याच वयाचा वकील दुसऱ्याचे कागद तपासत बसलेला असतो, तेव्हा हा पोरगा स्वतःच्या नावावर खटला चालवत असतो. तरुण वकिलांना जॅगचं आकर्षण वाटतं ते त्यामुळेच.

पण खटले हा कामाचा एक तुकडा झाला. नव्या जॅग अधिकाऱ्याला बरेचदा आधी कायदा-मदत कक्षात बसवतात. समोर कोण येतं? एकोणीस वर्षांचा शिपाई, ज्याने वापरलेली गाडी भलत्याच व्याजाने घेतली आहे. महिन्याभरात परदेशी निघालेली आणि घरमालक अनामत परत देत नाही म्हणून वैतागलेली सार्जंट. घटस्फोट झालेला बाप, ज्याला भीती वाटते की मोहिमेवर गेलो तर मुलाचा ताबा कायमचा जाईल. नवऱ्याच्या बदलीमुळे तिसऱ्या राज्यात आलेली नर्स, जिचा परवाना नव्या राज्यात चालत नाही. हा वकील दिवसभर मृत्युपत्रं आणि मुखत्यारपत्रं करतो आणि मधल्या वेळात ही गाऱ्हाणी ऐकतो.

इथे तो एक गोष्ट शिकतो, जी लॉ कॉलेजात कोणी शिकवत नाही: कायदा पुस्तकात असणं वेगळं आणि माणसाच्या हातात येणं वेगळं. सैनिकांच्या नागरी हक्कांना संरक्षण देणारा केंद्रीय कायदा घ्या. त्याचं आजचं रूप २००३ चं, पूर्वज १९४० चा. सेवेत येण्याआधी काढलेल्या कर्जावर सेवाकाळात ६ टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही, असं तो म्हणतो. बदलीचा किंवा किमान ९० दिवसांच्या मोहिमेचा हुकूम आला तर घराचा भाडेकरार मोडायची मुभा देतो. वाचायला फार छान. पण व्याजाची सवलत हवी असेल तर सैनिकाने बँकेला लेखी कळवायचं, सोबत हुकमाची प्रत जोडायची. ज्याला हे माहीतच नाही तो बिचारा पूर्ण व्याज भरत राहतो. पत्र लिहायचा भार कोणावर टाकला, या एका वाक्यावर कायद्याचं निम्मं यश ठरतं. कायदा-मदत कक्षातून आलेला आमदार विधेयक हातात घेतो तेव्हा नेमकं तेच वाक्य शोधतो. अर्ज कोणी करायचा? किती दिवसांत? नाही केला तर काय? बाकीचे सदस्य उद्देशिकेवर भाषणं करत असताना हा पाचव्या पानावरच्या ‘लेखी विनंती केल्यास’ या शब्दांवर बोट ठेवून बसलेला असतो. आम्हा मसुदेकारांना अशी माणसं आवडतात आणि त्यांचा थोडा वैतागही येतो.

कर्जाचंच उदाहरण पुढे नेतो. तळांच्या फाटकांबाहेर पगारावर उचल देणाऱ्या दुकानांच्या रांगा लागत. वार्षिक हिशेब केला तर त्यांचं व्याज सहज ३००-४०० टक्क्यांवर जाई. २००६ मध्ये पेंटॅगॉनने, म्हणजे संरक्षण खात्याने, काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) अहवाल दिला, त्याच वर्षी मिलिटरी लेंडिंग ॲक्ट झाला आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबांपुरती ३६ टक्क्यांची मर्यादा आली. आता राज्याच्या आमदारासमोर अवघड प्रश्न उभा राहतो. त्याच रस्त्यावरच्या शिक्षिकेला ही मर्यादा का नको? कोलोरॅडोत २०१८ मध्ये आणि नेब्रास्कात २०२० मध्ये मतदारांनीच कौल देऊन ३६ टक्के ठरवले. इलिनॉयच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये कायदा केला. ज्या राज्यांत हे झालं नाही तिथेही समितीत चर्चा येते तेव्हा माजी जॅग सदस्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याने त्या कर्जाचे कागद हाताळलेले असतात.

मुलांच्या ताब्याबद्दलही तेच. मोहिमेवरच्या पालकांसाठी युनिफॉर्म लॉ कमिशनने २०१२ मध्ये नमुना कायदा तयार केला, पण कौटुंबिक कायदा हा राज्यांचा विषय, त्यामुळे तो राज्याराज्यांत मंजूर करून घ्यावा लागतो. सैनिकांच्या मुलांची शाळा बदलताना गुण आणि प्रवेश अडू नयेत म्हणून २००८ पासून आंतरराज्य करार आहे, त्यात आज पन्नासही राज्यं आहेत. सैनिकांच्या पती-पत्नींच्या व्यावसायिक परवान्यांसाठी २०२३ च्या जानेवारीत केंद्रीय कायदा झाला, तरी अंमलबजावणी राज्यांच्या परवाना मंडळांकडेच. म्हणजे सैनिकाच्या घरातले बरेचसे प्रश्न वॉशिंग्टनमध्ये सुटत नाहीत, राज्याच्या राजधानीत सुटतात. लष्करी वकिलाने राज्यात का यावं, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

यात एक मेख मात्र आहे. त्याच्या सगळ्यात चांगल्या गोष्टी त्याला सांगताच येत नाहीत. कक्षात अशिलाने सांगितलेलं गोपनीय असतं आणि ते बंधन आमदार झाल्याने सुटत नाही. माझ्या माहितीतल्या एका सदस्याने सुनावणीत ‘माझ्याकडे एक सैनिक आला होता’ अशी सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला थांबून विषय बदलला. राज्य लहान, तळ एकच, लोकांनी सहज ओळखलं असतं. अशा वेळी साक्षीदार दुसरा शोधावा लागतो. संरक्षण खात्याचं राज्यांशी संपर्क ठेवणारं स्वतंत्र कार्यालय २००४ पासून आहे, तिथले लोक येऊन माहिती देतात. नाहीतर एखाद्या सैनिकाच्या पत्नीला स्वतःहून बोलायची तयारी करावी लागते.

दुसरी सवय खटल्यांतून येते. कोर्ट-मार्शलच्या नियमपुस्तिकेत प्रत्येक गुन्ह्याखाली त्याचे घटक क्रमांक घालून दिलेले असतात: आरोपीने अमुक केलं, अमुक हेतूने केलं, संमती नव्हती, वगैरे. एकेक घटक शंकेपलीकडे सिद्ध व्हायला हवा. हे पाठ झालेला माणूस राज्यातलं फौजदारी विधेयक वाचतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो: यात हेतूचा घटक कुठे आहे? वर्तमानपत्रातली बातमी वाचून घाईत लिहिलेल्या विधेयकांत तो पुष्कळदा नसतोच.

नॉर्थ कॅरोलायनाचे जेफ जॅक्सन हे यातलं पाहण्याजोगं उदाहरण. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ते साधे शिपाई म्हणून भरती झाले, अफगाणिस्तानात गेले, नंतर कायदा शिकून आर्मी नॅशनल गार्डमध्ये (राज्यांच्या अर्धवेळ सैन्यदलात) जॅग अधिकारी झाले आणि २०१४ पासून राज्याच्या सिनेटमध्ये बसले. फेब्रुवारी २०१५ मध्ये बर्फामुळे बाकी कोणी पोहोचलं नाही, तेव्हा रिकाम्या विधानभवनात बसून अख्खं राज्य आपणच चालवतोय अशा थाटाचे विनोदी ट्वीट त्यांनी केले आणि ते देशभर गाजले. ते असो. त्यांच्या राज्यात १९७९ चा स्टेट विरुद्ध वे हा निकाल होता. त्यानुसार स्त्रीने सुरुवातीला संमती दिली आणि मधेच नकार दिला, तरी पुढचं कृत्य बलात्कार ठरत नव्हतं. लष्करी कायद्याच्या कलम १२० मध्ये संमतीची व्याख्या सविस्तर आहे. आधीच्या संबंधांवरून संमती गृहीत धरता येत नाही असं ते स्पष्ट म्हणतं. रोज ती व्याख्या वापरणाऱ्याला आपल्या राज्याचा कायदा किती मागे आहे हे दिसणारच. अर्थात जॅक्सन आधी जिल्ह्यात सरकारी वकीलही होते, त्यामुळे सगळं श्रेय जॅगला देणं बरोबर नाही. हा निकाल बदलणारं विधेयक त्यांनी एकाहून अधिक अधिवेशनांत मांडलं. पक्ष अल्पमतात असल्यामुळे ते समितीत पडून राहिलं. शेवटी २०१९ मध्ये ती तरतूद मुलांवरील लैंगिक अत्याचारांविषयीच्या दुसऱ्याच विधेयकात आली आणि ते एकमताने मंजूर झालं.

माजी लष्करी वकिलांना पचायला सगळ्यात जड जातं ते नेमकं हेच. सैन्यात वकील हा सल्लागार असतो. गंभीर खटला उभा करायचा का, याबद्दल स्टाफ जज ॲडव्होकेट, म्हणजे कमांडरचा मुख्य वकील, त्याला लेखी मत देतो आणि निर्णय कमांडर घेतो. (बलात्कार, खून अशा ठरावीक गुन्ह्यांत हा अधिकार २८ डिसेंबर २०२३ पासून स्वतंत्र विशेष अभियोक्त्यांकडे गेला आहे, आणि तो बदल व्हायला कित्येक वर्षांची भांडणं झाली.) त्यामुळे वरिष्ठाला तोंडावर ‘हे बेकायदेशीर आहे’ म्हणायची हिंमत त्याच्या अंगी मुरते, आणि विधिमंडळात ती दुर्मीळ आहे. पण सोबत एक वाईट सवयही येते: मत बिनचूक असलं की काम झालं, असं त्याला वाटतं. विधिमंडळात कमांडर नसतो. समितीचा अध्यक्ष असतो, ज्याला तुमचं टिपण वाचायला वेळ नाही आणि ज्याचा पहिला प्रश्न असतो, ‘मतं किती आहेत?’ पहिल्या अधिवेशनात मी अशा नव्या सदस्यांना एवढंच सांगतो की टिपण एका पानाचं करा आणि उरलेला वेळ विरोधी बाकावर सहप्रस्तावक शोधण्यात घालवा. काही ऐकतात. हुद्द्याची सवय झालेले ऐकत नाहीत. सभागृहात कर्नल आणि शाळामास्तर यांचं मत सारखंच मोजलं जातं, हे त्यांना एक-दोन विधेयकं पडल्यावर कळतं.

आता पोटापाण्याचं. भारतातल्या वाचकाला आमदार म्हणजे पूर्णवेळ पद वाटतं, अमेरिकेत बहुतेक राज्यांत तसं नाही. न्यू हॅम्पशायरच्या ४०० प्रतिनिधींना वर्षाला १०० डॉलर पगार आहे. टेक्सासात वर्षाला ७,२०० डॉलर, आणि नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं. कॅलिफोर्नियात मात्र लाखाच्या वर पगार आणि कामही वर्षभराचं. म्हणजे बहुतेकांना वकिली चालू ठेवावी लागते. त्यात हा माणूस नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्हमध्ये (केंद्राच्या अर्धवेळ राखीव दलात) असेल तर महिन्यातला एक शनिवार-रविवार ड्रिलला आणि वर्षातले दोन आठवडे प्रशिक्षणाला. तीन कॅलेंडरं एकाच भिंतीवर. मतदारसंघातले सगळे कार्यक्रम शनिवारीच असतात, आणि ड्रिलही शनिवारीच. नोकरी करणाऱ्या रिझर्व्ह सैनिकाची जागा राखून ठेवायला १९९४ चा केंद्रीय कायदा आहे. मतदारांना तो लागू होत नाही.

आणि मग एक दिवस हुकूम येतो. मेरीलँडचे अँथनी ब्राऊन हार्वर्डमधून पदवी घेऊन आधी भूदलात हेलिकॉप्टर वैमानिक होते, मग हार्वर्डमध्येच कायदा शिकले आणि रिझर्व्हमध्ये जॅग अधिकारी झाले. १९९९ पासून ते प्रिन्स जॉर्जेस काउंटीतून राज्याच्या प्रतिनिधिगृहात होते. २००४ मध्ये आमदार असतानाच त्यांना इराकला जावं लागलं. अशा वेळी मतदारसंघाचं काय? टेक्सासने २००३ मध्ये घटनादुरुस्ती करून सक्रिय सेवेवर गेलेल्या पदाधिकाऱ्याच्या जागी तात्पुरता माणूस नेमायची सोय केली. रिक नोरिएगा (हे जॅग नव्हते, गार्डचे अधिकारी होते) अफगाणिस्तानात होते तेव्हा २००५ च्या अधिवेशनात त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी मेलिसा बसल्या. अशी सोय नसेल तिथे खुर्ची रिकामी राहते, कार्यालयातले कर्मचारी फोन घेत राहतात आणि एका मताने अडणारी विधेयकं अडतात.

कायद्याच्या बाजूने काही रेषा पक्क्या आहेत. सक्रिय सेवेतल्या नियमित अधिकाऱ्याला राज्याचं निर्वाचित पद धारण करता येत नाही. रिझर्व्ह अधिकाऱ्याला बोलावणं २७० दिवसांहून मोठं असेल तर त्यालाही हाच नियम लागतो. प्रचारात गणवेशातला फोटो चालतो, पण तो मुख्य चित्र म्हणून नाही, आणि संरक्षण खात्याचा पाठिंबा नसल्याची स्पष्ट ओळ सोबत हवी. दोन पदं एकत्र धरण्यावर राज्यघटनांत बंदी असते. टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत गार्ड आणि रिझर्व्हच्या अधिकाऱ्यांना त्यातून सूट आहे. केंद्रात ही गोष्ट जास्त कडक निघाली. हवाई दल रिझर्व्हचे जॅग अधिकारी लिंडसे ग्रॅहम केंद्रात सिनेटर असताना हवाई दलाच्या अपील न्यायालयात न्यायाधीश म्हणूनही बसत. २००६ मध्ये युनायटेड स्टेट्स विरुद्ध लेन या खटल्यात सैन्यदलांच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितलं की हे घटनेत बसत नाही. न्यायपीठच सदोष ठरलं, आणि एका हवाई सैनिकाचं अपील नव्याने ऐकायची पाळी आली.

राज्यात एक बारीक अडचण वेगळी आहे. राज्याच्या कामावर असताना नॅशनल गार्डचा प्रमुख गव्हर्नर असतो. गार्डचा पैसा विधिमंडळ मंजूर करतं, गार्डची लष्करी न्यायसंहिताही तेच करतं. मग गार्डमधला मेजर सोमवारी ज्या गव्हर्नरच्या अर्थसंकल्पावर टीका करतो, शनिवारी त्याच्याच हाताखाली हजेरी लावतो. मी अशा सदस्यांना सुचवतो की गार्डच्या विधेयकावर बोलण्याआधी हितसंबंध कामकाजात नोंदवून घ्या आणि नीतिमत्ता आयोगाचं लेखी मत आधीच मागवून ठेवा. बेकायदेशीर काही नसतं, पण निवडणुकीच्या वर्षात ते कागद शोधायला वेळ मिळत नाही.

पुढे ही माणसं जातात कुठे? ग्रॅहम साउथ कॅरोलायनाच्या विधानसभेत जेमतेम दोन वर्षं होते, १९९३ ते १९९५, मग थेट वॉशिंग्टन. टेड ल्यू तैपेईत जन्मले, १९९५ ते १९९९ हवाई दलात जॅग अधिकारी होते, टॉरन्सच्या नगरपरिषदेतून २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीत, मग राज्य सिनेटमध्ये आणि २०१५ पासून काँग्रेसमध्ये. रिझर्व्हमध्ये ते कर्नलपर्यंत पोहोचले. ब्राऊन २००७ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर झाले, २०१४ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक लॅरी होगन यांच्याकडून हरले, काँग्रेसमध्ये गेले आणि २०२३ पासून मेरीलँडचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, आहेत. जॅक्सन एक मुदत काँग्रेसमध्ये काढून, मतदारसंघाची फेररचना विरोधात गेल्यावर, २०२४ ची निवडणूक जिंकून नॉर्थ कॅरोलायनाचे ॲटर्नी जनरल झाले. राज्याचं ॲटर्नी जनरलपद या लोकांना विशेष मानवतं असं मला वाटतं. तिथे पुन्हा एक मोठं कायदा-कार्यालय चालवायचं असतं, ग्राहकांची गाऱ्हाणी असतात, गव्हर्नरला नको असलेला सल्ला द्यायचा असतो. गव्हर्नरपदाला लागणारा सभा जिंकायचा गुण वेगळाच.

परिचयपत्रातल्या शब्दांवरून या मंडळींची अडचण लवकर होते. आखाती युद्धाच्या वेळी ग्रॅहम साउथ कॅरोलायनातल्याच तळावर होते, मोहिमेवर निघालेल्या वैमानिकांची कायदेशीर कागदपत्रं करत. १९९८ मध्ये त्यांच्या परिचयात त्या युद्धाचे माजी सैनिक असा उल्लेख निघाला आणि वाद झाला. त्यांनी केलेलं काम खरं होतं आणि गरजेचंही, ते तसंच लिहिलं असतं तर कोणी काही बोललं नसतं.

तेव्हा एखाद्या उमेदवाराच्या नावापुढे ‘माजी जॅग अधिकारी’ दिसलं तर एवढं विचारा: सरकारी बाजू लढवली की बचावाची, कायदा-मदत कक्षात किती काळ काढला, आणि आता रिझर्व्हमध्ये आहे की पूर्ण निवृत्त. आमदार होऊन एखादी मुदत झाली असेल तर राज्याच्या विधिमंडळाचं संकेतस्थळ उघडा. त्याने मांडलेली विधेयकं, सहप्रस्तावकांची नावं आणि प्रत्येक मतदान तिथे सापडतं. पहिला मसुदा आणि मंजूर झालेला कायदा शेजारी ठेवून वाचा, आणि अर्ज करायचा भार शेवटी नागरिकावर राहिला की बँकेवर, मंडळावर, खात्यावर गेला, ते बघा.